लूनी अख्तर

दिवाळीच्या तीन आठवडे आधी आमच्या घरी बॉस्टनचा फराळ होतो. म्हणजे फराळ पुण्याचाच, पण चकलीला काटा चांगला आला की ही म्हणते, "ह्या तिकडच्या." मोडक्या माझ्या वाट्याला. चिरंजीव "दोन वर्षांत परत येतो" म्हणून गेले, त्याला आता अकरा वर्षे झाली.

यंदा डबे भरताना मला डेव्हिड ऑक्टरलोनी आठवला. हा कोण, म्हणाल! कलकत्त्याच्या मैदानावरचा उंच मिनार १८२८ साली उभा राहिला तो ह्याच्या स्मरणार्थ. १९६९ साली त्याचा शहीद मिनार झाला. हा गृहस्थ जन्माने बॉस्टनचा, सन १७५८ चा. बाप जहाजाचा कप्तान. १७७७ साली हा एकोणीस वर्षांचा पोरगा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून हिंदुस्थानाकडे निघाला. गंमत पाहा, त्याच्या मुलखातले लोक तेव्हा इंग्रजांशी लढत होते आणि हा इंग्रजांच्या पगारावर!

मराठी माणसाने ह्याच्यावर जीव लावावा असे फारसे काही नाही. १८०३ मध्ये लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करून दिल्ली घेतली आणि हा तिथला रेसिडेंट झाला. पुढच्याच वर्षी होळकरांच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा पडक्या तटाआड थोडे शिपाई घेऊन ह्याने आणि कर्नल बर्नने शहर राखले. मग नेपाळचे युद्ध, मानमरातब वगैरे. शाळेत असतो तर मी ह्याला शत्रूच्या खात्यात टाकून मोकळा झालो असतो.

पण १८२० च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात हे साहेब पागोटे घालून, लोडाला टेकून, हुक्का ओढीत नाच पाहत बसले आहेत. दिल्लीकर त्यांना 'लूनी अख्तर' म्हणत. त्यांची मुबारक बेगम मूळची पुण्याची, असे सांगतात. तिच्या नावाची मशीद जुन्या दिल्लीत अजून आहे. २०२० च्या पावसात तिचा एक घुमट कोसळला. पुण्याची पोर आणि बॉस्टनचा पोरगा. भेटले कुठे, तर दिल्लीत! आणि त्या चित्रात वर, भिंतीवर, विलायती पोशाखातल्या माणसांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत.

१८२५ साली भरतपूरच्या प्रकरणात ह्याने काढलेला हुकूम गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्टने फिरवला. म्हाताऱ्याने राजीनामा दिला आणि जुलैत मीरतला देह ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. बॉस्टन पुन्हा दिसले नाही.

हे सारे मी हिला सांगितले. ती करंज्यांमध्ये कागद घालीत होती.

"आणि त्याची आई हो?"

"तिने दुसरे लग्न केले. लंडनला गेली."

"म्हणजे गावी वाट पाहणारं कुणी नव्हतंच." हिने झाकण लावले. मग जरा थांबून म्हणाली, "त्या तसबिरी कुणाच्या?"

"घरच्यांच्या असाव्यात."

ती काही बोलली नाही. आत जाऊन कपाटातला आमचा दोघांचा फोटो घेऊन आली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि चकलीच्या डब्याच्या कडेला नीट बसवला. त्यासाठी चार चकल्या काढाव्या लागल्या. त्या अख्ख्या होत्या. पण आज त्या मला मिळाल्या.