दोन शर्यती, दोन टेस्ट



साठवणीच्या डाळींना कीड लागू नये म्हणून काय करायचं ते आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. आज मोटारींच्या शर्यतीबद्दल लिहिणार आहे. हसू नका.

आमच्याकडे नातवामुळे फॉर्म्युला वन आली. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. माझं जेवण सूर्यास्ताआधी झालेलं असतं आणि ओटाही आवरलेला असतो, म्हणून मी त्याच्याशेजारी जाऊन बसायची. सुरुवातीला नुसता गोंगाट वाटायचा. मग कळलं की तेव्हा दहा टीम होत्या, प्रत्येकीच्या दोन गाड्या, एकूण वीस ड्रायव्हर. पहिल्या दहांना गुण मिळतात. ड्रायव्हरचे गुण वेगळे मांडतात, टीमचे वेगळे, आणि वर्षाखेरीचे पैसे टीमच्या क्रमांकावर ठरतात. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण जमाखर्च दिसला की मी अजून सरसावून बसते. तेव्हापासून मला गोडी लागली.

मार्चपासून माझ्या डोक्यात लियाम लॉसन बसलाय. न्यूझीलंडचा मुलगा, तेव्हा वय तेवीस. रेड बुल कंपनीच्या दोन टीम आहेत, एक मोठी आणि एक धाकटी. धाकटीकडून दोन हंगामांत तुकड्यातुकड्यांनी मिळून अकरा शर्यती खेळला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मोठ्या टीममध्ये घेतलं, मॅक्स व्हर्स्टॅपनच्या जोडीला. व्हर्स्टॅपन चार वेळचा जगज्जेता. लॉसनचा हा पहिला पूर्ण हंगाम होणार होता.

मेलबर्नला लॉसन क्वालिफाइंगमध्ये अठरावा आला. शर्यत पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून सुरू केली आणि पावसात घसरून भिंतीवर आदळला. पुढच्या आठवड्यात शांघायला तर छोट्या शर्यतीच्या क्वालिफाइंगमध्ये शेवटचा, मोठ्या शर्यतीच्याही क्वालिफाइंगमध्ये शेवटचा. पुन्हा पिट लेन. काही गाड्या बाद ठरल्या म्हणून कागदोपत्री बारावा. तशाच गाडीत व्हर्स्टॅपन मेलबर्नला दुसरा आणि शांघायला चौथा आला. चार दिवसांनी, २७ मार्चला टीमने जाहीर केलं की लॉसन परत धाकट्या टीममध्ये जाणार आणि त्याच्या जागी जपानचा युकी त्सुनोदा येणार. दोन शर्यतींत निकाल!

नातू तेव्हा नुकताच दहावीच्या पेपरांतून सुटला होता. म्हणाला, "बरोबर केलं आज्जी. तो स्लो होता. इथे दयामाया नसते."

मीही मान डोलावली. "वेग नाही तर नाही, काय करणार," असंच काहीसं बोलले. आपलं काय जातंय बोलायला.

जूनमध्ये आमच्याच घरात तसं झालं. नातवाला जेईईच्या क्लासला घातलं होतं. दहावीच्या गुणांवर पहिल्या बॅचमध्ये घेतला. दोन टेस्ट झाल्या, दोन्हींत घसरला. एका रात्री क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवी यादी आली आणि त्यात याचं नाव तिसऱ्या बॅचमध्ये. ना सरांनी बोलावलं, ना घरी फोन. त्याच्या मित्रांनी यादी त्याच्याआधी पाहिली होती.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर म्हटलं, "याला ते झेपायचं नाही गं, आपणच उगाच हट्ट केला." तो शेजारच्या खोलीत होता. नंतर पाणी प्यायला बाहेर आला, माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हा कळलं की त्याने ऐकलंय. मुलं आदळआपट करतात ना, ते बरं. हा नुसता गप्प झाला.

तरी २९ जूनच्या रविवारी शर्यतीला येऊन बसला. ऑस्ट्रियाची शर्यत. व्हर्स्टॅपनची गाडी पहिल्याच फेरीत दुसऱ्याने ठोकली. त्सुनोदा, ज्याच्यासाठी लॉसनला हलवलं, तो शर्यत पूर्ण करणाऱ्यांत सगळ्यात शेवटचा आला. मोठ्या टीमच्या खात्यात त्या दिवशी शून्य. आणि लॉसन धाकट्या टीमच्या गाडीत, एकदाच टायर बदलून, टायर जपत जपत सहावा आला.

नातू बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे लॉसन स्लो नव्हता, आज्जी."

मला उत्तर सुचलं नाही. रात्री झोपही नीट लागली नाही. सकाळी सामायिकाला बसले तरी मन थाऱ्यावर नव्हतं, ते त्या फोनवरच्या वाक्यापाशीच जात होतं. शेवटी दुपारी जुनी वही काढली आणि हिशोब मांडायला घेतला. मन अस्वस्थ असलं की काही जणी कपाट आवरतात, मी हिशोब करते.

खातं आधी लॉसनच्या नावाने काढलं. त्यात नावे बाजू भरलेली: अठरावा, शेवटचा, शेवटचा, एक गाडी मोडली. यातलं काही खोटं नाही. कोणाबद्दल वाईट वाटलं म्हणून घड्याळातला वेळ बदलत नाही. पण मग जमेकडेही बघितलं. मेलबर्न आणि शांघाय, दोन्ही ठिकाणी तो आधी शर्यत खेळलेलाच नव्हता. मेलबर्नला शनिवारच्या सरावात इंजिनच्या बिघाडाने गाडी उभीच राहिली. शांघायला त्या आठवड्यात सराव एकच तास होता. त्याच मेलबर्नच्या पावसात दोन वेळचा जगज्जेता अलोन्सोही आदळला आणि साइन्ससारखा मुरलेला ड्रायव्हरही. आणि गंमत बघा, तिसरी शर्यत जपानला सुझुकाला होती. लॉसन २०२३ मध्ये जपानमध्येच खेळत होता, तिथल्या स्पर्धेत वर्षाखेरीस दुसरा आला होता. ओळखीचा ट्रॅक आला आणि नेमकं तेव्हाच सीट काढून घेतली.

मग वाटलं, खातं चुकीच्या नावाने काढलंय. माणसाच्या नावाने नको, सीटच्या नावाने काढू. आणि सगळं वेगळंच दिसायला लागलं.

व्हर्स्टॅपनशेजारची सीट. २०१९ ला तिथे पियेर गॅस्ली आला. बारा शर्यतींनंतर खाली पाठवला. खालच्या टीममध्ये गेल्यावर त्याच वर्षी ब्राझीलला दुसरा आला आणि पुढच्या वर्षी मॉन्झाला चक्क जिंकला. त्याच्या जागी अलेक्स आल्बन. तो २०२० संपताना बाहेर. पुढे विल्यम्स टीमने त्याला घेतलं, तिथे तो टीमचा आधार झाला. मग अनुभवी सर्जिओ पेरेझ. २०२३ ला जगात दुसरा आलेला माणूस, २०२४ ला व्हर्स्टॅपनचे ४३७ गुण आणि याचे १५२. मग लॉसन. मग त्सुनोदा. सात वर्षांत पाच माणसं. पाचही जण मठ्ठ होते असं म्हणायचं का?

जाणकार सांगतात की ती गाडी व्हर्स्टॅपनच्या हाताला बसेल अशी होत गेलीय. पुढची चाकं सुरीसारखी वळतात आणि मागचा भाग निसटायला बघतो. त्याला ती तशीच आवडते, बाकीच्यांना धडकी भरते. हे मला लगेच पटलं, कारण मी अशा स्वयंपाकघरात नांदलेय. माझ्या मोठ्या जाऊबाई डावखुऱ्या. शेगडी, पोळपाट, डब्यांची उतरंड, सगळं त्यांच्या डाव्या हाताला. त्यांच्या पोळ्या अशा फुगायच्या की सासूबाई आल्यागेल्याला बोलावून दाखवायच्या. मी लग्न होऊन आले आणि माझ्या पोळ्यांचे नकाशे. दर वेळी लाटणं भिंतीला लागायचं. वर्षभर मला वाटत होतं की मीच वेंधळी. नंतर आम्ही वेगळ्या घरात राहायला गेलो, पोळपाट उजवीकडे आला, आणि पोळ्या कशा सुधारल्या याचं सासूबाईंना फार नवल वाटलं.

टीमची बाजू मांडायलाच हवी. एकाच बाजूने बघून निवाडा करायचा नाही हे तर आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं असतं. पेरेझचे गुण कमी पडल्यामुळे २०२४ ला व्हर्स्टॅपन जगज्जेता होऊनही टीम तिसरी आली होती. पैशांचा प्रश्न होता. शेकडो माणसांच्या कष्टांचा प्रश्न होता. चालत नसेल तर बदल करण्याचा त्यांना अधिकार आहे आणि शर्यत हा धर्मादाय दवाखाना नव्हे.

पण मला खटकतं ते निराळंच. लॉसन अकराच शर्यती खेळलाय हे त्यांना डिसेंबरमध्ये माहीत नव्हतं का? दुकानात माल आणला आणि पंधरा दिवसांत परत करायची वेळ आली, तर आधी विचारायचं असतं की खरेदी कोणी केली. इथे खरेदी करणारे खुर्चीत आणि माल दारात. वर टीमप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांनी सांगितलं की लॉसनला जपण्यासाठी, घडवण्यासाठी हे केलंय. मैत्रिणींनो, "तुझ्या भल्यासाठीच" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि बहुतेकींनी म्हटलंयही. जुलैमध्ये हॉर्नरनाच टीमने पदावरून काढलं. नातवाने विचारलं, "आज्जी, हे कर्म का?" मी म्हटलं, दुसऱ्याच्या बाबतीत तसं चटकन म्हणू नये.

आता चांगलं वागणं कसं असतं तेही सांगते. मेलबर्नलाच इझाक हाजार नावाचा मुलगा, फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत, ती सुरू होण्याआधीच्या फेरीत घसरून आदळला. शर्यत सुरूसुद्धा झाली नव्हती. हेल्मेट न काढता रडत चालत परत येत होता. रेड बुलच्या एका वडीलधाऱ्या सल्लागाराने त्या रडण्यालाच नावं ठेवली. आणि लुईस हॅमिल्टनचे वडील, ज्यांचा त्या टीमशी काही संबंध नाही, ते पुढे आले आणि त्याला जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवून त्याच्याबरोबर चालत गेले. मी ते पाहिलं होतं, टीव्हीसमोर बसून डोळे पुसले होते. आणि तीनच महिन्यांनी माझ्या घरातला मुलगा आदळला तेव्हा मी बहिणीला फोन लावला.

हाच हाजार ऑगस्टअखेर हॉलंडला तिसरा आला. ती शर्यत आम्ही पाहिली नाही. दशलक्षण पर्व चालू होतं, त्या दहा दिवसांत आमच्याकडे टीव्ही बंद असतो. नातवाने मला निकाल सांगितला तोही कुजबुजत, जणू टीव्हीला ऐकू जाईल.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना हात जोडतो, फोन करतो, हल्ली एकच मेसेज शंभर जणांना पाठवतो. त्या दिवशी संध्याकाळी मी नातवाच्या खोलीत गेले. "उत्तम क्षमा" म्हणून लगेच बाहेर पडता आलं असतं. बसले आणि म्हटलं, "जूनमध्ये मावशीआजीला फोनवर मी तुझ्याबद्दल जे बोलले, ते तू ऐकलंस. दोन टेस्टवरून मी तुझा निकाल लावला. त्याची क्षमा मागते."

तो वहीत काहीतरी गिरवत राहिला. मग म्हणाला, "मी पण लॉसनला स्लो म्हटलं होतं." एवढंच. रात्री मात्र मला आपणहून फोनवर पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या हॉलंडच्या शर्यतीचे तुकडे दाखवले. पंधरा दिवस कुठले, आठच झाले होते. असो.

आता हंगाम संपलाय आणि माझी वहीही पूर्ण झालीय. लॉसन बाकूला पाचवा आला. वर्षाचे त्याचे गुण ३८, सगळे धाकट्या टीमच्या गाडीत. त्सुनोदाला मोठ्या गाडीत २२ शर्यती मिळाल्या आणि त्यांत गुण ३०. म्हणजे दोन शर्यतींऐवजी बावीस देऊनही त्या सीटचं खातं फारसं सुधारलं नाही. टीम पुन्हा तिसरीच. आता त्सुनोदाही राखीव झाला आणि २०२६ ला त्या सीटवर बसणार आहे तो हाजार, मेलबर्नला रडलेला. लॉसन धाकट्या टीममध्येच राहतोय. हाजारची मला काळजी वाटते. नातू म्हणतो, नवीन नियमांमुळे गाडीच नवीन असणार, कदाचित याला बसेल. बघू.

त्याच्या तिसऱ्या बॅचचे सर फळ्यावर एकही पायरी गाळत नाहीत म्हणे. पहिल्या बॅचमध्ये मुलांना सगळं येतं असं धरूनच शिकवायचे. गेल्या आठवड्यात क्लासने विचारलंय, जानेवारीपासून पुन्हा पहिल्या बॅचमध्ये येतोस का. या वेळी कागदावर विचारलंय, खाली पालकांच्या सहीची जागा आहे. त्याची आई म्हणते जा, वडील म्हणतात तुझं तू ठरव. मला त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तिथे पोळपाट कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ये." उद्या तो त्या बॅचमध्ये एक दिवस नुसता बसून बघणार आहे. फॉर्म फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवलाय.