गोल न करण्याचा नाद

ऑनलाइन खेळात एकही गोल न करता माणूस येडा होऊ शकतो, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? ‘रॉकेट लीग’ हा खेळ जुलै 2015 पासून जगात आहे, सप्टेंबर 2020 पासून तर फुकट मिळतोय, आणि मी इकडे अहिल्यानगरच्या सावेडीत क्रिकेटचा स्कोअर बघण्यावर समाधान मानत होतो! आता मात्र जेवणं उरकली की लॅपटॉप उघडतो, पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला फोन लावतो, त्याचा एक मित्र तिसरा म्हणून येतो आणि पाच मिनिटांचा डाव सुरू. मग अजून एक, मग ‘हा शेवटचा’, मग खरोखरचा शेवटचा!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हे फुटबॉलच आहे, पण खेळाडूंच्या जागी मोटारी आणि चेंडू मोटारीपेक्षा मोठा. मोटारीला मागून रॉकेट लावलेलं, त्यामुळे ती भिंतीवर चढते, उडी मारते, बूस्ट, म्हणजे रॉकेटचा जोर, दाबून धरला की चक्क उडते. तीन विरुद्ध तीन हा त्यातला सगळ्यात रंगणारा प्रकार. भाचा आणि त्याचा मित्र हवेत कोलांट्या मारत चेंडू अडवायचे, माझी गाडी जमिनीवरही सरळ चालेना. साहजिकच मी लिंबूटिंबू. भाच्यानं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, “मामा, तू मागंच थांब. बॉल आपल्या गोलकडं आला तरच धडक मार. बाकी काही करू नको.”

बाकी काही करू नको! म्हणजे सगळ्यात कंटाळवाणं काम माझ्या गळ्यात, असं वाटलं आणि नाइलाजानं मागं थांबलो. आणि काय सांगू, मागं थांबल्यावर अख्खं मैदान दिसायला लागलं! चेंडूला चिकटलेल्या माणसाला फक्त चेंडू दिसतो. तिसऱ्याला सहाच्या सहा मोटारी दिसतात. कोण दमलाय, कोणाचा बूस्ट संपलाय, समोरचा कोणत्या पायावर... म्हणजे कोणत्या चाकावर वळतोय, चेंडू भिंतीला लागून कुठं येणार, हे आधी कळायला लागतं आणि ते कळलं की अंगावर काटा येतो. वेग नसताना, उडता येत नसताना मी योग्य जागी आधीच उभा असायचो आणि चेंडू आपणहून माझ्याकडे यायचा!

मग बूस्टचं गणित उलगडलं. मैदानावर बूस्टच्या 34 जागा असतात. त्यातल्या 6 मोठ्या, ज्या टाकी पूर्ण भरतात. उरलेल्या 28 लहान, प्रत्येकी 12 देणाऱ्या. मोठी उचलली की ती परत यायला 10 सेकंद लागतात, लहान 4 सेकंदांत येते. आता ज्यानं पुढं धाव घेऊन सगळं रॉकेट जाळलंय, त्यानं परतताना मोठीवरून जावं. मी, म्हणजे मागच्या माणसानं, ती त्याच्यासाठी सोडायची आणि लहान लहान वेचत वाट काढायची. पाच लहान वेचल्या की 60 होतात, बचावाला तेवढं रग्गड. पंगतीत वाढपी जसा आधी सगळ्यांची पानं बघतो आणि मग स्वतः बसतो, तसं हे काम. यात मजा कसली, असं विचाराल. भाचा भरल्या टाकीनं हवेत झेपावतो आणि गोल ठोकतो ना, तेव्हा ती टाकी कुणी सोडली होती हे मला ठाऊक असतं. ही मजा!

आणि त्या खेळातला माझा सर्वात लाडका नियम तर अजून सांगितलाच नाही. घड्याळ शून्यावर आलं तरी सामना संपत नाही. चेंडू जमिनीला टेकला की संपतो! एका रात्री आम्ही एका गोलनं पुढं होतो, घड्याळात शून्य, चेंडू आमच्या गोलसमोर हवेत आणि समोरचा उडालेला. पुढचे दोघं कुठल्या कुठं. त्या क्षणी मला ना झोकदार फटका मारायचा होता, ना चेंडू लांब धाडायचा होता. फक्त खाली पाडायचा होता. गाडीच्या नाकानं टोकरलं, चेंडू आदळला, सामना खलास! गोल मारणाऱ्याला असा थरार कुठून मिळणार? बरोबरी झाली असती तर जादा वेळ, आणि त्यात पहिला गोल करील तो जिंकला.

मग गुणांचा तक्ता उघडतो आणि तिथं माझं नाव तळाला. गोलला 100 गुण, गोलसाठी पास दिला तर 50, गोल अडवला तर 50, अगदी रेषेवर अडवला तर 75. मोठी टाकी सोडली याला शून्य. योग्य जागी उभं राहिल्यामुळं समोरच्यानं फटकाच मारला नाही, यालाही शून्य. जिंकलेल्या संघात ज्याचे गुण जास्त, तो सामन्याचा मानकरी. भाचा रोज मानकरी, मी रोज तिसरा.

हे काही फक्त मोटारींच्या खेळात होतं असं नाही. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे बघा. ऑगस्ट 2015 मध्ये श्रीलंकेविरुद्ध गॉल कसोटीत त्यानं 8 झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून कुठल्याही क्षेत्ररक्षकानं एका कसोटीत इतके झेल त्याआधी कधी घेतले नव्हते. धावफलकात ‘झे. रहाणे’ छापून येतं खरं, पण विकेट जमा होते गोलंदाजाच्या खात्यात. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला 36 धावांत गडगडलेला संघ त्यानं मेलबर्नला सावरला, कर्णधार म्हणून 112 धावा केल्या, आणि जडेजाच्या अर्धशतकासाठीची चोरटी धाव घेताना धावबाद झाला, तेव्हा चिडण्याऐवजी जडेजाची पाठ थोपटून तंबूत गेला. तो सामना भारतानं 8 गडी राखून जिंकला.

कबड्डीत तर हे आपल्या रक्तातच आहे. कोपऱ्यातला गडी चवडा धरतो, टाळ्या त्याला. पण त्याच क्षणी मध्यरक्षकानं धावून अंगावर घेतलं नाही तर चढाई करणारा त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. आपल्याच जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28–25 असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. अवघ्या तीन गुणांचं अंतर! अशा सामन्यात साथीला वेळेवर पोचलेली एकेक धाव किती मोलाची असेल, याचा विचार करून बघा.

मागं थांबण्याची मला अशी गोडी लागलेली, आणि परवा भाचा म्हणाला, “मामा, आता तुला बरं मारता यायलंय. किती दिवस मागं थांबणार? पुढं ये की.” झाली पंचाईत! सोडावा का हा तिसऱ्याचा बाणा?

मी खरंच विचार केला. विरुद्ध बाजू कमी तगडी नाही. अनोळखी लोकांबरोबर एकट्यानं खेळायला गेलं तर दोघंही चेंडूमागं धावतात, कुणी कुणाला जागा देत नाही आणि मागचा एकटा तीन-तीन जणांना तोंड देतो. शिवाय हवेतला खेळ शिकायचा राहून जातो, आणि सिल्व्हर, गोल्ड या श्रेणी ओलांडून वर जायचं तर तो लागतोच. तिसरी गोष्ट भाच्यानंच दाखवली: चांगले संघ मागच्याला गोलात खिळवून ठेवत नाहीत. ते फिरतात. पहिला चेंडूवर जातो, दुसरा पासची वाट बघतो, तिसरा मागं. पहिला मोकळा झाला की दूरच्या खांबाकडून वळसा घेत मागं येतो आणि तिसरा पुढं सरकतो. म्हणजे तिसरा ही पाळी आहे, जागा नाही.

हे कळलं आणि माझा पेच सुटला. पाळी आली की मी पुढं जाणार, उडायलाही शिकणार, जमेल तेव्हा गोलही मारणार. पण माझी टाकी आधी दुसऱ्याला, माझा पहिला विचार पासचा, आणि दोघं पुढं असतील तर माझी नजर मागं, हे सुटणार नाही. आणि यात नुसता भाबडेपणा नाही. या खेळात तुमची श्रेणी ठरते ती फक्त सामना जिंकलात की हरलात यावर. तक्त्यातल्या गुणांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही! भाच्याचे 600 आणि माझे 130 असले तरी जिंकल्याचा हिशोब दोघांनाही लागू. मग मी मानकरी होण्यासाठी पुढं का धावू?

बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या पोरांना ‘सपोर्टर’, म्हणजे साथ देणारा, हा शब्द पाठ असतो, पण ज्याला दुसरं काही जमत नाही त्याच्या माथी तो मारतात. ईए एफसी या फुटबॉलच्या खेळातल्या क्लब्स प्रकारात तर स्वतःचा खेळाडू घडवताना जो तो वेग आणि फटका वाढवत बसतो, पास आणि बचाव कुणाला नको. पोरांनो, एकदा हौसेनं ते काम मागून घ्या. एक आख्खा आठवडा मागं थांबा, मोठी टाकी सोडा, मैदान बघा. मग ठरवा.

माझं ठरलंय, मी तिसराच. तुमच्या संघात एक गडी कमी पडत असेल तर रात्री दहानंतर हाक मारा. गोल तुम्ही करा.