राणीच्या बागेत पत्त्यांची जादू

भायखळा स्टेशनात पूर्वेला उतरलं, की चालत राणीची बाग! १८६२ सालची, आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

आमच्या सहलीत डबे खाऊन झाले आणि वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीने पत्त्यांचा कॅट काढला. तळाची बदाम सत्ती तिने गुपचूप पाहिली. मैत्रिणीने एक पत्ता ओढून, पाहून, सगळ्यांत वर ठेवला. कॅट काटला. खालचा भाग वर गेला. बदाम सत्ती थेट त्या पत्त्यावर बसली! वरून एकेक उलगडताना सत्तीनंतरचा पत्ता, तोच! दुसऱ्या शाळेची मुलंही जमली, अन् ही सगळ्यांशी धडाधड बोलतेय!

तुम्हीही आरशासमोर दहादा करून पाहा, मग बागेत जा. बुधवारी मात्र बाग बंद असते हं!