भ्रंश आणि अपभ्रंश

मराठीच्या प्राध्यापकाचे समुद्राच्या तळाशी काय काम, असे आपण विचाराल. मीही विचारले असते. पण गेल्या फेब्रुवारीत ‘शुद्ध मराठी’ या विषयावर बोलायला एटापल्लीला गेलो, आणि बोलण्याआधी बरेच ऐकून घ्यावे लागले.

बोलावणारा माझा जुना विद्यार्थी. माडिया मुलगा; बारा-तेरा वर्षांपूर्वी चंद्रपूरला माझ्या वर्गात होता, आता तिकडच्याच एका शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या निबंधावर मी तांबड्या शाईने एक शब्द हमखास लिहीत असे : ‘अपभ्रष्ट’. लिंगांचा तर असा घोळ की, एक निबंध मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. पोरे पोट धरधरून हसली. तोही हसला, अशी माझी समजूत होती.

आलापल्लीपासून जंगलच जंगल. अंगणात मोहाखाली खाट टाकलेली. मोहाला अजून फुले यायची होती. पडवीच्या भिंतीवर महासागराच्या तळाचा नकाशा. अरबी समुद्राच्या पोटात, एडनच्या बाजूने आग्नेयेकडे उतरत गेलेली पर्वतांची एक लांबच लांब रांग. कार्ल्सबर्ग कटक तिचे नाव. पण रांग सलग नाही. काकडीच्या चकत्या करून कोणी इकडे-तिकडे ढकलाव्यात, तशी जागोजाग तुटलेली.

“हे काय रे?”

“भ्रंश, सर. रूपांतर भ्रंश.”

भ्रंश! हा तर आमच्या घरचा शब्द. बुद्धिभ्रंश, स्मृतिभ्रंश, आणि अर्थात अपभ्रंश. मी सरसावून म्हणालो, “म्हणजे मूळची एक रांग, ती घसरून दोन झाली.”

“सगळ्यांना तसेच वाटते, सर. 1965 पर्यंत मोठमोठ्यांनाही वाटत होते.” त्याने इकडे-तिकडे पाहिले आणि माझ्या भाषणाचे शेवटचे पान उचलले. “याची मागची बाजू कोरी आहे. घेऊ?”

त्याने पानाच्या वरच्या कडेपासून मध्यापर्यंत उभी चीर दिली, तिथून उजवीकडे आडवी, मग पुन्हा खाली उभी. जिन्याची एक पायरी झाली. दोन्ही तुकडे खाटेवर जुळवून ठेवले आणि हलकेच एकमेकांपासून दूर ओढले. उभ्या चिरा उघडल्या. खालून तप्त रस वर येतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो तो तिथे. कार्ल्सबर्गपाशी वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर, आपल्या नखांच्या वाढीइतक्या बेताने. आडव्या चिरेवर मात्र काही उघडत नाही. कडा नुसत्या एकमेकींना घासत जातात.

“वरची चीर डावीकडे आहे, तेव्हा वरचा भाग डावीकडे सरकला असेल, हो ना?”

“उघडच आहे.”

“आता बघा, सर.”

पाहिले. दोन चिरांमधला वरचा कागद उजवीकडे चालला होता, खालचा डावीकडे. अगदी उलट! आणि चिरांमधले अंतर होते तेवढेच. घसरून दूर कोणी गेलेच नव्हते. फाटताना ती पहिल्यापासून दोन ठिकाणीच फाटली होती. पायरीच्या पलीकडे तर दोन्ही बाजू एकाच तुकड्याच्या, एकाच दिशेने निघालेल्या. तिथे घर्षण नाही, उरतो तो जुना वण. कॅनडाच्या टुझो विल्सन यांनी 1965 साली हे मांडले. 1967 साली अमेरिकेच्या लिन साइक्स यांनी समुद्रतळाच्या भूकंपांचे पहिले हादरे तपासले : हालचाल विल्सन म्हणाले त्याच दिशेची, आणि धक्के बहुतांशी त्या मधल्या पायरीवरच.

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यात साखर होती की नव्हती, आठवत नाही.

“आणि हे सगळे फाटले कशातून, ठाऊक आहे?” तो म्हणाला. “गोंडवनातून. आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका, आपण, सगळे एक होतो. 1885 साली झ्यूस नावाच्या ऑस्ट्रियन पंडिताने त्या खंडाला नाव दिले ते आमच्यावरून. गोंडांचे वन.”

हे नाव मी चंद्रपूरच्या कोळशासंबंधात शंभरदा ऐकले होते. ते समोर बसून मला चहा देईल, असे कधी वाटले नव्हते.

मग जरा थांबून, नकाशाकडेच पाहत तो म्हणाला, “सर, आमच्या बोलीत लिंगे दोनच. पुरुष एकीकडे, बाकी बहुतेक सगळे दुसरीकडे. गोंडी मराठीतून आलेली नाही. तिची बहीण तेलुगू.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. उत्तर देता आले असते. भाषाशास्त्राच्या पुस्तकात ही द्राविडी कुळाची गोष्ट मी स्वतः वाचली होती, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तांबडी शाई हातात आली की ती आठवत नसे, इतकेच.

“त्या दिवशी वर्गात तू हसला होतास ना?”

“नाही, सर.”

संध्याकाळी सभा होती, आणि भाषणाचे शेवटचे पान खाटेवर दोन तुकड्यांत पडले होते. ते मी गोळा केले नाही. त्याला विचारले, “भेगेला तुमच्या बोलीत काय म्हणतात?”

त्याने शब्द सांगितला. मी म्हणून दाखवला. त्याने मान हलवली. पुन्हा म्हटला. दारात उभी असलेली त्याची लहान मुलगी खुदकन हसली.

“अजून एकदा, सर,” तो म्हणाला.