माटुंग्याचा बुंधा

झाड पडल्याचं कळलं की मी पिशवी उचलतो. तारेचा ब्रश, सँडपेपर, रोलर, काळी शाई, पातळ हातकागदाची गुंडाळी. मुंबईतल्या तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांचे छाप घ्यायचे, तर घाई करावीच लागते. बुंधा उपटून तिथं पेव्हर ब्लॉक बसायला वेळ लागत नाही.

माटुंग्याच्या गल्लीतला हा रेन ट्री. पिठ्या ढेकणांनी रस शोषून तो वाळवला होता, मुळांवर काँक्रीट पार खोडापर्यंत आलेलं. बुंधा घासून सपाट केला, मऊ लाकूड ब्रशनं खरवडलं. मग कठीण पट्ट्या तेवढ्या वर राहतात आणि शाई त्याच धरतात. कागद अंथरून लाकडी चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे रगडत गेलो. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, कमी पडला तर साल उमटत नाही. कागद उचलला तेव्हा आधी दिसले करवतीचे ओरखडे. झाड त्यांच्या खाली होतं.

बघणारा प्रत्येक जण विचारतो, ‘किती वर्षांचं होतं?’ सागाची वलयं मोजता येतात. वड-पिंपळाची नाहीत, आणि या बुंध्याचीही मध्येच विरून गेलेली. मला ते फार लागतं. कारण १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ धरतात. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे वय कमी लिहिलं की झाडं कमी.

छापात कडेपासून वीतभर आत एक पांढरं भोक राहिलं होतं. करवत तिथं अडखळलेली दिसत होती.

शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी भोकावर बोट ठेवलं.

‘हा माझा खिळा. पैशाची पिशवी अडकवायची मी याला. थोरली पोटात होती तेव्हा ठोकलेला. मग झाडानं गिळला.’

‘थोरली केवढी आता?’

‘छत्तीस सरली.’

खिळा ठोकला तेव्हा तो सालीत होता. मी भोकापासून कडेपर्यंत पेन्सिलनं रेघ ओढली आणि वर ‘३६’ लिहिलं. भोकाच्या आत, गाभ्यापर्यंत, अजून दोन विती लाकूड होतं.