तिच्यावर मंत्र चालला नाही

मंत्रतंत्राच्या भानगडीत मी कधी पडत नाही. घर, मुलं आणि शाळेतले चार तास यातच दिवस सरतो. पण यंदा इथे सालेकसाला आमच्या घरात आठ दिवस मंत्रांशिवाय दुसरा विषय नव्हता.

नणंदेचा मुलगा नागपूरहून सुट्टीत आला, तो एक खेळ घेऊन. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. त्याने गुहा योजली ती कचारगडची. मी म्हटलं, "बाबा रे, ते गोंड समाजाचं देवस्थान. तिथे राक्षस घालू नकोस." मग राक्षस हाजरा धबधब्यामागे राहायला गेले!

माझ्या जावेची मुलगी चौदा वर्षांची. तान्हेपणीच्या तापात तिचं ऐकणं गेलं. वसतिगृहात राहून ती खुणांची भाषा शिकली. घरी मात्र आम्ही कुणी शिकलो नाही. जेव, झोप, चल, एवढ्यावर भागवलं. तीही खेळायला बसली, जादूगारीण झाली. भाचा म्हणाला, "मामी, खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत बहिऱ्या जादूगाराचे शब्दांचे मंत्र शंभरात वीस वेळा फसायचे." मी ते वहीत लिहून तिला दाखवलं. तिने खाली लिहिलं, "माझा मंत्र मलाच कशाला ऐकू यायला हवा?"

आहे उत्तर? २०१४च्या नियमांत ती अट नाहीच. तोंड बांधलेलं असलं किंवा आवाज निघत नसला तरच शब्दांचा मंत्र अडतो. पण हिचे शब्द तर हातांत! शेवटी भाच्याने निवाडा दिला, हिने मंत्र हातांनी म्हणावा; मात्र हात बांधले की मंत्र बंद. तिला पटलं.

मग राक्षसाने 'सजेशन' टाकला. हा मंत्र समोरच्याला ऐकू आला आणि समजला तरच लागतो. तिला काहीच झालं नाही. पोरं हसली, मला मात्र निराळंच आठवलं. ती चार वर्षांची असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही तिला एका मांत्रिकाकडे नेलं होतं. तो तिच्या कानाशी पुटपुटत राहिला आणि ती भेदरून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मी बीए झालेली, मास्तरीण, तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

'व्हिशस मॉकरी' म्हणून आणखी एक मंत्र आहे. नुसत्या टोमण्याने माणूस घायाळ होतो. (आपल्याकडे तो शिकवावा लागत नाही!) २०१४च्या नियमांत तोही ऐकू येणाऱ्यालाच लागतो. भाचा म्हणाला, "ही सुटली." तिने मान हलवली. वहीत लिहिलं, "मला लागतो. तोंडं दिसतात." आणि स्वतःच चार बाजूंचा फासा टाकून आपल्या पात्राचा जीव तीनने कमी केला. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

शेवटच्या रात्री राक्षसाने 'सायलेन्स' टाकला. चहूकडे वीस फुटांत आवाज म्हणून नाही. आत सापडलेले सगळे बहिरे, आणि शब्दांचे मंत्र बंद. भाचा पक्का, म्हणाला, आता खरोखरही कुणी बोलायचं नाही. सगळी पोरं एकमेकांकडे पाहत बसली. मंत्र चालत होता तो एकटीचा. पण कुठून निसटायचं, कोणी पुढे जायचं, हे तिने सांगितलं तरी कळणार कुणाला? तिने एकेक खूण तीन-तीनदा करून दाखवली. दार. मागे. थांब. पाऊण तास घरात फक्त पावसाचा आवाज होता.

जाऊबाई पदराला हात पुशीत येऊन बसल्या, त्यांनाही खेळात घेतलं. त्यांनी लेकीला हातांनी विचारलं, "दार कुठे?" चुकलं असणार, कारण पोरीने हसून आईची बोटं धरली आणि नीट लावून दिली.