मान्यवरांची पत्रं राहिली, बाकीची गेली

आप्पांच्या कागदपत्रांचं जे झालं ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आप्पा आमच्या माणदेशी पट्ट्यातले माजी आमदार. वय झालं तशी त्यांनी निवडणूक सोडली, मग पक्षाच्या बैठकाही सोडल्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका आणि कापडी बस्ते एका संस्थेला द्यायचे ठरले. मी शाळेतून निवृत्त झालेलो, म्हणून कागद लावण्याचं काम माझ्याकडे आलं. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कसर झटकायची, तारखेवार गठ्ठे बांधायचे. आप्पा खुर्चीत बसून कोण कुठला ते सांगायचे.

सगळ्यात मोठा बस्ता बहात्तरच्या दुष्काळाचा निघाला. तेव्हा बायाबापड्या खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीकामाला जायच्या. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो, कामावर सुकडी. त्या बस्त्यात मजुरांची पत्रं होती. कुणाचं मस्टरला नाव नाही, कुणाची मजुरी थकलेली, कुठे कामावर प्यायला पाणी नाही, तान्ह्या पोरांना सावली नाही.

एक पत्र मला आजही दिसतं. दुरेघी वहीचं फाडलेलं पान. अक्षर शाळकरी पोराचं, ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही, खाली आईचा निळ्या शाईतला अंगठा. खडीचा ढीग मोजताना मुकादमाने ब्रास कमी धरला, आठवड्याची मजुरी बुडाली, एवढंच म्हणणं. बाईने ढिगाची लांबी, रुंदी, उंची स्वतःच्या हाताने मोजली होती आणि ती हातांच्या हिशोबात लिहून घेतली होती. समासात आप्पांची लाल पेन्सील: ‘मामलेदारांशी बोललो. ढीग परत मोजला. फरक निघाला.’ मी ते पान आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “हे नीट ठेव.”

मी नीट ठेवलं. गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली आणि बस्ता संस्थेकडे गेला.

काही वर्षांनी दुष्काळावर लिहायचं म्हणून ती पत्रं बघायला मी संस्थेत गेलो. खोली छान झाली होती. लोखंडी कपाटं, छापील नावपट्ट्या, आप्पांचा मोठा फोटो. मुख्यमंत्र्यांची पत्रं एका फाइलीत, मंत्र्यांची दुसरीत, साहित्यिकांची तिसरीत. वर लिहिलेलं, ‘मान्यवरांशी पत्रव्यवहार’. बहात्तरचा बस्ता कुठे, असं विचारलं तर तिथल्या गृहस्थांनी रजिस्टर उघडून शांतपणे सांगितलं, “महत्त्वाचं सगळं ठेवलंय. किरकोळ अर्ज होते ते निर्लेखित केले.” म्हणजे रद्दीत घातले. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. यादी केली होती का? “अर्जांची यादी कोण करतं?”

अहो, त्या फाइलीतल्या मंत्र्यांच्या पत्रांत होतं काय? वाढदिवसाच्या शुभेच्छा, सभेचं निमंत्रण, ‘आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करीत आहे’. तसली पत्रं कुठल्याही आमदाराच्या घरी सापडतील. मजुरांची पत्रं दुसरीकडे सापडणार नाहीत. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग पाडतात; ‘अ’ वर्ग कायम राहतो, ‘ड’ वर्ग वर्षभरानंतर नष्ट करता येतो. अंगठ्याच्या अर्जाला ‘अ’ वर्ग कोण देणार? तो टिकला तर लोकप्रतिनिधीच्या घरीच टिकतो. आणि तिथूनही तो असा गेला.

रोजगार हमीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. वि. स. पाग्यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, 1977 साली विधिमंडळाने कायदा केला, 2005 साली देशभरासाठी कायदा झाला. पाग्यांचं नाव या इतिहासात यायलाच हवं. पण खडी फोडणाऱ्या बाईने मोजमापावर हरकत घेतली आणि ती खरी ठरली, याचा पुरावा आता कुठे आहे? उद्या कुणी म्हणेल, लोक मुकाट्याने राबले. त्याला दाखवायला माझ्या हातात काही नाही.

तावातावाने आप्पांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिला मजुरी मिळाली ना? मग कागदाचं काय घेऊन बसलास?” मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. ज्या माणसाने ढीग परत मोजायला लावला, त्याला तो कागद कपाटात असण्याची फिकीर नसेल तर मी का जळतोय? शिवाय त्या बाईने आपली अडचण आप्पांना कळवली होती, माझ्यासारख्याने ती वाचावी म्हणून नव्हे. हेही खरं आहे. तरी मनाची समजूत पटत नाही. ‘हे नीट ठेव’ म्हणणारेही आप्पाच होते.

दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात मुकुंदराव जयकरांची कागदपत्रं आहेत, तीन मूर्ती भवनात कितीतरी नेत्यांची खासगी दप्तरं जपली आहेत. तालुक्याच्या आमदाराचं, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाचं दप्तर मात्र घरच्यांच्या आणि गावातल्या संस्थांच्या मर्जीवर. 1993 चा केंद्राचा कायदा सरकारी अभिलेखांसाठी आहे. खासगी कागद देताना काय लिहून घ्यायचं ते देणाऱ्यानेच बघावं लागतं.

म्हणून ज्यांच्या घरी असं दप्तर आहे त्यांना सांगतो. देण्याआधी पानापानाची यादी करा. यादीच्या दोन प्रती काढून दोन्हींवर संस्थेची सही-शिक्का घ्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गठ्ठ्यांचा मूळ क्रम मोडायचा नाही आणि आम्हाला विचारल्याशिवाय एकही कागद काढून टाकायचा नाही, हे दानपत्रात स्पष्ट लिहा. संस्था का-कू करायला लागली तर देऊ नका. आणि सुरुवात मंत्र्यांच्या पत्रांपासून करू नका. ती कुणीही सांभाळेल. आधी अंगठे असलेले कागद मोजून घ्या.